तोंडाच्या-गळ्याच्या कॅन्सरची ट्रीटमेंट सुरू होतेय? आधीच्या पेशंटशी बोलण्याबद्दल सारखे येणारे प्रश्न

आम्ही गोव्यातले काही जण, कोणी स्वतः पेशंट होतो, कोणी नवऱ्याच्या नाहीतर आईच्या उशाशी बसलेलो. ओपीडीच्या बाकावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. आमच्यात डॉक्टर कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

१. आधीच्या पेशंटशी बोलायचं म्हणजे नेमकं काय? काउन्सेलिंगच ना ते?

नाही. काउन्सेलर शिकून आलेला असतो, आम्ही फक्त त्यातून गेलोय. म्हणजे डॉक्टरला ज्या विचारायला लाज वाटते किंवा ओपीडीतल्या त्या चार मिनिटांत आठवतच नाहीत अशा गोष्टी आमच्याशी बोलायच्या, लाळ चिकट झाली की रात्री उशीला काय घालायचं, तोंड सोललेलं असताना ब्रश कुठला वापरायचा, शेकाला (म्हणजे रेडिएशनला) जाताना शर्ट बटणाचाच का घालायचा. औषध कुठलं, डोस किती, ऑपरेशन करू की नको, हे आम्ही सांगत नाही. रिपोर्टचा फोटो पाठवून 'कितवी स्टेज बघा' म्हणणारे बरेच असतात, तो फोटो आम्ही उघडतसुद्धा नाही. पैसे लागत नाहीत. पैसे मागणारा किंवा पावडर विकणारा कोणी भेटला तर सरळ फोन ठेवा.

२. बायोप्सीचा रिपोर्ट आलाय, शेक सुरू व्हायला अजून पंधरा दिवस आहेत. आत्ता बोलू की सुरू झाल्यावर?

आत्ताच. सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात बोलायचं म्हटलं तरी तोंड उघडत नाही, अक्षरशः. आणि हे मधले दिवस सगळ्यात वाईट असतात, स्कॅन, रक्त, डेंटिस्ट, मास्क, सगळं चालू असतं पण ट्रीटमेंट मात्र नाही, आणि माणूस रात्री दोन वाजता गुगल करत बसतो.

शिवाय काही कामं शेक सुरू व्हायच्या आधीच करायची असतात. मोठं काम दातांचं. किडलेला दात शेकाच्या आधी काढायचा आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यायचे, कारण शेक मिळालेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नंतर, अगदी काही वर्षांनीसुद्धा, दात काढला तर हाड भरून येत नाही, सडूही शकतं. मी एक दाढ 'दुखत नाही ना, राहू दे' म्हणून तशीच ठेवली होती, डेंटिस्टनं सांगूनसुद्धा. पुढं त्या दाढेनं मला जे नाचवलं ते ऑपरेशननंसुद्धा नव्हतं नाचवलं.

३. माझ्यासारखाच पेशंट मिळेल का बोलायला?

'हेड अँड नेक' हे एक नाव असलं तरी आत दहा वेगवेगळे आजार आहेत. गालाचा, जिभेचा असेल तर बहुतेक वेळा आधी ऑपरेशन आणि गरज पडली तर मग शेक. घशाचा, स्वरयंत्राचा असेल तर पुष्कळदा ऑपरेशन न करता शेक आणि सोबत केमो. आता स्वरयंत्रवाल्याला जर जबडा काढलेल्या माणसानं आपली कहाणी सांगितली तर तो बिचारा फुकटचा घाबरणार. म्हणून आम्ही पहिल्यांदा विचारतो की ट्रीटमेंट काय ठरलीय, मग वय, मग घरची परिस्थिती. गोवा केवढासा, तंतोतंत जोडी दर वेळी जमत नाही, तेव्हा आजाराच्या जागेपेक्षा ट्रीटमेंट सारखी असलेला माणूस बघतो.

बायकांना मात्र शक्यतो बाईच. मानेवरचा व्रण, मंगळसूत्र नेमकं त्याच्यावर टेकतं, चवथीला घरात पन्नास माणसं येणार आणि तोंड वाकडं दिसतंय, हे पुरुषाला सांगून काय होणार?

४. पहिल्या फोनवर काय विचारू? मला तर काही सुचतच नाही.

काही विचारू नका, 'मला भीती वाटते' एवढं म्हटलंत तरी चालतं, पुढं समोरचा बोलेल. तरी चार गोष्टी विचारल्यात तर फायदा होतो: तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कुठल्या आठवड्यात झाला, कामावर कधी गेलात, रोज हॉस्पिटलला कोणाबरोबर जायचात, आणि पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल. शेवटचा प्रश्न नक्की विचारा, खरी माहिती तिथंच निघते.

५. तो मास्क घालून टेबलाला बांधतात म्हणे. मला लिफ्टमध्येसुद्धा कोंडल्यासारखं होतं, काय करू?

बांधतात म्हणजे अडकवतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून तुमच्या चेहऱ्यावर-खांद्यावर बसवतात, गार झाली की घट्ट होते, आणि रोज तीच टेबलाला अडकवतात म्हणजे शेक रोज त्याच जागी बसतो. नाकातोंडाशी भोकं असतात, श्वास येतो. रोजचं काम एकंदर दहा-पंधरा मिनिटांत आटपतं, शेक स्वतः दुखत नाही. भीती वाटते हे मास्क बनवायच्या दिवशीच सांगा, शेकाच्या पहिल्या दिवशी नको. हात वर केला की मशीन थांबवतात, बाहेर कॅमेऱ्यावर बघत असतात. आमच्यातले एक काका आत हरिपाठ म्हणायचे, मनातल्या मनात, कारण जबडा हलवायचा नाही. शेवटी शेवटी त्यांना कितव्या अभंगाला मशीन बंद होणार तेही कळायला लागलं होतं!

६. खरं सांगा, किती त्रास होतो?

खरं सांगायचं तर पुष्कळ होतो, पण त्याला तारीख असते, आणि ती तारीख आधी माहीत असणं ह्यातच आमचा सगळा उपयोग आहे असं मला वाटतं.

शेक साधारण ३० ते ३५ असतात, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा-सात आठवडे. पहिला आठवडा काहीच होत नाही आणि माणूस म्हणतो हात्तिच्या, एवढंच? दुसऱ्यात चव जाते, भात मातीसारखा लागतो, घसा खवखवतो. तिसऱ्यात तोंडात फोड येतात, लाळ आधी घट्ट होते आणि मग आटते. इथंच लोक 'बस, मला नको' म्हणून घरी बसतात, आणि हाच मोठा घोटाळा, कारण मध्येच खंड पडला तर ट्रीटमेंटचा परिणाम कमी होतो. न जाण्यापेक्षा डॉक्टरला सांगून दुखण्याचं औषध वाढवून घ्या. मॉर्फिन लिहून दिलं म्हणून घाबरू नका, शेवट आला म्हणून ते देत नाहीत, गिळता यावं म्हणून देतात.

पाचव्या-सहाव्यात मानेची कातडी काळी पडते, सोलते. आणि शेवटचा शेक झाला की घरचे पेढे आणतात, पण खरा जोर त्यानंतर आणखी दोन आठवडे असतो, हे कोणी सांगत नाही म्हणून लोक तिथं खचतात. मग हळूहळू उतरतं. चव यायला महिने लागतात, कोणाला दोन-तीन, कोणाला वर्ष. लाळ पहिल्यासारखी बहुतेकांची येत नाही, पाण्याची बाटली ही आमची ओळखच आहे.

केमो सोबत असेल तर औषध बहुधा सिस्प्लॅटिन, त्यात मळमळ, किडनीवर ताण, कानात गुंई आवाज. कानात आवाज आला तर लगेच सांगायचं, 'होईल कमी' म्हणून गप्प राहायचं नाही.

७. आम्ही मासे-भात खाणारी माणसं. त्या दिवसांत खायचं काय?

पेज. उकड्या तांदळाची, नीट घोटलेली, कोमट. गोव्यातल्या पेशंटचं अर्धं काम आपल्या आज्यांनी आधीच करून ठेवलंय. पण नुसत्या पेजेत ताकद नसते, म्हणून त्यात नारळाचा रस, तूप, घोटलेलं अंडं, किंवा काटे काढून मिक्सरला फिरवलेला उकडलेला मासा. नाचणीची तिझन तर फारच चांगली, गोड आणि गुळगुळीत. ज्यांना डायबेटिस आहे त्यांनी गूळ किती ते विचारून घ्या.

हुमण (माशाची आमटी), लोणचं, चिंच आणि सोलकढी काही महिने विसरा. सोलकढी थंड म्हणून लोक हमखास देतात आणि पेशंट ओरडतो, कोकम आंबट आहे हो, सोललेल्या तोंडाला लिंबू लावल्यासारखं होतं. दर दोन-तीन तासांनी मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं चूळ भरा, बाजारातला झोंबणारा अल्कोहोलवाला माऊथवॉश नको. वजन दर आठवड्याला बघा. वजन उतरलं तर मास्क सैल पडतो आणि कधीकधी तो पुन्हा करावा लागतो.

आणि रोज थोडं तरी गिळत राहा, पाणी का होईना. गिळायचे स्नायू वापरले नाहीत तर आखडतात. तोंड उघडायचे व्यायामही तसेच, आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का हे रोज बघायचं.

८. नाकातून नळी घालायची म्हणतायत. नळी लागली म्हणजे संपलंच ना?

अजिबात नाही. आमच्यातले निम्मेअधिक नळीवाले होते आणि आज भाकरी खातात. नळी म्हणजे काही दिवसांचा दुसरा रस्ता, कधी नाकातून, जास्त दिवस लागणार असेल तर पोटातून. वाट बघून बघून दहा किलो वजन घालवून मग नळी घेण्यापेक्षा वेळेत घेतलेली बरी, हे माझं मत, घेण्याचा निर्णय अर्थात डॉक्टरबरोबर. नळी असताना गिळण्याचं काय ते वर प्रश्न ७ मध्ये शेवटी आहे.

९. माझं स्वरयंत्र काढणार आहेत. मग मी फोनवर सपोर्ट कसा घेऊ?

मेसेज करा, पाटीवर लिहा, समोर भेटा. ऑपरेशनच्या आधी तर नक्कीच भेटा आणि स्वरयंत्र काढलेल्या माणसालाच भेटा, कारण तो त्या नव्या आवाजात बोलून दाखवतो आणि ते ऐकल्यावर जो धीर येतो तो दहा डॉक्टरांनी सांगून येत नाही. बोलायचे तीन मार्ग आहेत: श्वासनलिका आणि अन्ननलिकेमध्ये बसवलेला छोटा व्हॉल्व्ह, गळ्याला टेकवायचं बॅटरीवालं यंत्र, आणि अन्ननलिकेतून हवा सोडून बोलायला शिकणं. कुठला जमेल ते डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट ठरवतात.

जायच्या आधी आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवा. आमच्या ओळखीचे एक जण जत्रेच्या नाटकात वर्षानुवर्षं राजाची पार्टी करायचे, त्यांनी भरतीच्या आदल्या रात्री सगळी भाषणं मोबाईलवर म्हणून ठेवली. आता ते प्रॉम्प्टिंग करू शकत नाहीत म्हणून मेकअपला बसतात, पण तालमीत कोणी चुकलं की मोबाईल काढून ऐकवतात, 'असं म्हण!'

१०. पेशंट ठीक आहे, मलाच रडू येतं. बायकोनं बोललं तर चालतं का?

चालतं म्हणजे काय, आमचे निम्मे फोन बायकांचे आणि मुलींचे असतात. पेशंटला सगळे विचारतात, त्याला रोज पेज घोटून देणारीला कोणी विचारत नाही. आणि त्याची चव गेलेली असते म्हणून तो वाटी ढकलतो, ते तुमच्यावर नसतं, पण लागतंच मनाला. पेशंटला न सांगता वेगळं बोलायचं असेल तर तसंही बोला, तुमचं त्याच्यापर्यंत जात नाही. शेक घेऊन आलेला माणूस नातवंडांना घेऊ शकतो का हेही सगळ्या विचारतात: घेऊ शकतो, बाहेरून दिलेला शेक अंगात राहत नाही. आणि कॅन्सर लागत नाही, ताट-पेला वेगळा करू नका.

११. आमच्या वाड्यावर कळता कामा नये. मुलीचं लग्न ठरवायचंय.

गोव्यात दोन अनोळखी माणसं पाच मिनिटं बोलली की कोणाचा तरी मावसभाऊ निघतोच, त्यामुळे तुमची काळजी समजते. म्हणून सांगा, आम्ही दुसऱ्या तालुक्यातला माणूस देतो, पेडण्याच्या माणसाला काणकोणचा. आडनाव, गाव सांगायची गरज नाही. ग्रुपमध्ये नंबर दिसतो हे मात्र लक्षात ठेवा, लपवायचं असेल तर ग्रुप नको, एकट्याशी बोला.

१२. मी तंबाखू खायचो, लोक तोंडावर म्हणतात 'केलंस ते भोग'. आणि आता सुटतही नाही.

म्हणू देत. मिश्री लावणारी आजी आणि पान खाणारे आजोबा आपल्या घरोघरी होते, गुटख्यावर गोव्यात २००५ पासून बंदी असून गाड्यावर मिळतो तो मिळतोच, एकट्या तुमचं पाप कसं? आणि कधीच तंबाखू न लावलेल्यांनाही घशाचा कॅन्सर होतो, त्यातल्या काहींमागे एचपीव्ही नावाचा व्हायरस असतो.

पण आता सोडायचीच, आणि 'आता काय उपयोग' हे चूक आहे. शेक चालू असताना विडी-सिगरेट ओढली तर शेकाचा परिणाम घटतो आणि फोड जास्त येतात. फेणीसुद्धा बंद, औषधाची म्हणून चमचाभरही नाही. सरकारची तंबाखू सोडायची हेल्पलाईन आहे, १८००-११-२३५६, फुकट. पुन्हा खाल्लीत तर आमच्यापासून लपवू नका, आम्ही ओरडत नाही, आमच्यातल्या काहींची तिसऱ्या खेपेला सुटलीय.

१३. सासरे म्हणतात आधी देवाचा कौल घेऊ, आणि कोणीतरी झाडपाल्याचं औषध पण सांगितलंय.

कौल जरूर घ्या, त्या आड आम्ही येत नाही, फक्त अपॉइंटमेंटची तारीख पुढं ढकलू नका. गाऱ्हाणं घालून दुसऱ्या दिवशी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, हजर राहिलेले कितीतरी आहेत.

झाडपाल्याचं तसं नाही. केमो चालू असताना कुठला पाला किडनी-लिव्हरवर काय करेल सांगता येत नाही, डॉक्टरला विचारल्याशिवाय पोटात काही नको. शेकाच्या जागी हळद, चंदन, खोबरेल, काहीही विचारल्याशिवाय लावू नका. बायोप्सीनं कॅन्सर पसरतो हेही ऐकाल, त्या भीतीनं थांबू नका, बायोप्सीशिवाय ट्रीटमेंट ठरतच नाही. आणि हेच आम्हालाही लागू, आमच्यातला कोणी 'हे घे, मला बरं वाटलं' म्हणाला तर त्याचंही ऐकू नका.

१४. मुंबईला टाटाला जायचं ठरलंय. पैशाचं आणि राहायचं कसं?

गोव्याच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर जवळ ठेवा, २०१६ पासून आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख. राज्यात न होणाऱ्या उपचारांसाठी सरकारची मेडिक्लेम योजना वेगळी आहे, तिचे कागद निघायच्या आधी करायचे असतात, परत येऊन नाही. रेल्वेत कॅन्सर पेशंटला ट्रीटमेंटच्या प्रवासाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट, त्यासाठी हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो.

राहायचं स्वस्तात होतं, त्यासाठी टाटामध्ये मेडिकल सोशल वर्करला पहिल्याच दिवशी भेटा. मुंबईत व्ही केअर फाउंडेशन आहे, तिथंही आधीचे पेशंट नव्यांना भेटतात, १९९४ पासून करतायत. तिकडं महिना-दोन महिने एकटे पडाल तेव्हा रोज संध्याकाळी कोकणी-मराठीत दोन शब्द बोलायला आम्ही आहोतच.

१५. बाबांना कॅन्सर आहे हे सांगितलेलंच नाही. तुमचा माणूस बोलता बोलता सांगून टाकेल का?

हा सगळ्यात अवघड. आम्ही पेशंटशी खोटं बोलत नाही, आणि घरच्यांच्या आधी सत्य फोडतही नाही. त्यामुळे बाबांना माहीत नसेल तर आम्ही आधी तुमच्याशी बोलतो, बाबांशी नाही. अनुभव सांगतो: कॅन्सरच्या वॉर्डासमोर रोज बसणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा कळलेलं असतं, तो तुमच्यासाठी नाटक करत असतो. डॉक्टरच्या समोर बसून सांगितलं तर सोपं जातं. मग हवं तर आमच्यातला त्यांच्याच वयाचा कोणी येईल.

१६. ज्यांच्याशी मी रोज बोलायचो ते काका गेले. आता मला कोणाशीच बोलायचं नाही.

नका बोलू, काही दिवस. आम्ही हे लपवत नाही, आमच्यातले लोक जातात, आणि 'मग माझं काय' हा विचार येतोच येतो. पण त्यांचा आजार आणि तुमचा आजार वेगळा होता, रिपोर्ट वेगळे होते, हे डॉक्टरलाच विचारून घ्या म्हणजे डोक्यातलं गणित थांबेल. आठवड्याभरानं आमच्यापैकी एक जण नुसता मेसेज टाकेल, उत्तर द्यायलाच हवं असं नाही. झोपच लागत नसेल, जगणं नको वाटत असेल तर टेलिमानस १४४१६, चोवीस तास, फुकट.

१७. माझा परत आलाय. मी ग्रुपमध्ये राहिलो तर नवे घाबरतील का?

राहा. नव्या पेशंटशी एकट्यानं बोलायला तुम्हाला लावणार नाही एवढंच, ते तुमच्यासाठीच जड असतं. तुमच्याशी बोलायला दुसऱ्यांदा ट्रीटमेंट घेतलेले आहेत. आणि फक्त दुखणं कमी ठेवायची ट्रीटमेंट चालू असेल तरी फोन चालूच राहतो, तिथं बरं होण्याच्या गप्पा कोणी मारत नाही.

१८. रात्री काही झालं तर तुम्हाला फोन करू का?

आम्हाला नको, १०८ ला करा. तोंडातून किंवा मानेतून रक्त, श्वास लागणं, गळ्यातली श्वासाची नळी बंद होणं, केमो चालू असताना १००.४ च्या वर ताप, पाणीसुद्धा न उतरणं, यात सकाळची वाट बघायची नाही. आम्हाला हॉस्पिटलात पोचल्यावर कळवा.

१९. माझे शेक संपले. मी कधीपासून दुसऱ्यांशी बोलू शकतो?

उत्साह समजतो, पण सहा महिने तरी थांबा असं आम्ही म्हणतो. पहिली काही महिन्यांची फॉलोअप होऊ देत, चव परत येऊ दे, थायरॉइडची तपासणी करून घ्या, मानेला शेक दिल्यावर थायरॉइड हळूहळू कमी पडू शकतं आणि मग उगाच थकवा, उदास वाटतं, माणसाला वाटतं मनाचंच आहे. नंतर पहिले दोन-तीन फोन आमच्यातल्या जुन्या माणसाच्या सोबतीनं करा. 'मी केलं म्हणून तूही कर' हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळायचं. तुमची जखम लवकर भरली म्हणून त्याची भरेल असं नाही. आणि एखाद्या दिवशी स्वतःचं चेकअप जवळ आलं असेल, पोटात गोळा असेल, तर त्या दिवशी फोन घेऊ नका, दुसऱ्याला द्या, आम्ही सगळे असंच करतो.